मैंदर्गीच्या सोप्यात मी पाठ करून का बसलो

अक्कलकोटपुढच्या मैंदर्गी गावच्या बारशाहून मी परत आलो त्याला आता महिना होत आला. एवढ्या अवधीत माझ्या त्या प्रवासाच्या तीन निरनिराळ्या हकिकती सोलापुरात फिरत असून, तिन्ही मला माझ्याच तोंडावर ऐकवण्यात आल्या आहेत. सात रस्त्याजवळच्या चहाच्या दुकानात सांगतात की, मी भर बारशात यजमानांचा अपमान केला आणि त्यांनी मला पेटीसकट गाडीत घालून परत पाठवले. माझा पुतण्या विनायक, जो एका कचेरीत कारकून आहे, तो म्हणतो की काकांना अलीकडे नीट दिसत नाही, त्यामुळे ते चुकून उलटे बसले. तिसरी हकीकत माझे तबलजी महबूबभाई यांची. ती पहिल्या दोहोंहून खरी आहे. परंतु तिच्या शेवटी मी रडलो असा जो भाग येतो, तो त्यांनी पदरचा घातलेला आहे.

दृष्टी माझी उत्तम आहे. सुईत दोरा मी अजून स्वतः ओवतो. ज्यांनी मैंदर्गी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी, आणि न पाहता जे तिच्याविषयी बोलतात त्यांच्यासाठीही, तो प्रवास झाला तसा मी येथे लिहून ठेवतो.

निघण्याचे कारण

मी पायपेटी वाजवतो. ही पेटी टेबलाएवढी उंच असते. भाता पायाने हलवायचा असल्यामुळे दोन्ही हात स्वरांना मोकळे राहतात. उमेदीची वर्षे मी नाटक मंडळ्यांत काढली आणि त्यानंतरची आठ वर्षे आमच्या गावच्या एका थिएटरात मूकपटांना साथ करण्यात घालवली. तेथे आमची जागा पडद्याच्या पायथ्याशी असे. प्रेक्षकांकडे पाठ आणि पांढऱ्या पडद्याकडे तोंड करून मी व महबूबभाई बसत असू. पडद्यावर घोडा धावला की तबला धावे. आई मुलाला जवळ घेऊ लागली की ती घेण्यापूर्वीच माझी बोटे खाली उतरत. लोक म्हणत, मास्तर चित्र पाहून वाजवतात. तसे नव्हते. चित्र पाहायचे आणि वाजवायचे ही दोन कामे राहिलीच नव्हती. पांढऱ्या कापडावर काही हलले की हात आपोआप चालत.

मग बोलपट आले. चित्रे स्वतःच गाऊ लागली. मॅनेजरांनी मला सुचवले की, खेळापूर्वी थिएटरच्या फाटकाबाहेर पेटी मांडावी, म्हणजे गर्दी जमेल. मी उठलो आणि पेटी घरी आणली. मला काढून टाकले असे जे सांगतात त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, उठलो मी आधी. त्यांचे पत्र दुसऱ्या दिवशी आले.

त्यानंतरचे तीन महिने, संगीतावर पोट कसे भरावे हे मला शिकवायला अर्धे सोलापूर पुढे आले. बँडवाल्याने लग्नाच्या वरातीत येण्यास सांगितले. पायपेटी चालता चालता वाजत नाही हे त्याला सांगावे लागले, यावरून त्याच्या ज्ञानाची कल्पना यावी. कोणी म्हणाले, मुंबईस जाऊन ग्रामोफोनच्या तबकड्या भरा. मी एका कंपनीस पत्र लिहिले. उत्तर आले की गाणारी कोण आहे ते कळवा. पेटीवाल्यास कोणी विचारीत नाही. कीर्तनाची साथ केली, तीत नारळ मिळाले. शिकवण्या धरल्या, तर ज्यांच्या मुलींना शिकवायचे त्यांना पहिल्या आठवड्यातच नाटकातील पद हवे असे.

शेवटी विनायकाने एका गिरणीच्या फाटकावर माझ्यासाठी जागा पाहिली. येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवायची, बसायला स्टूल. त्याने माझ्यासाठी खाकी कोटही शिवून घेतला. पोराचा हेतू वाईट नव्हता, हे मी आज कबूल करतो. त्या वेळी केले नाही. सोमवारी हजर व्हायचे ठरले आणि हजर झाल्यावर घरातील जागा अडवणारी पेटी विकायची, हेही ठरले. ठरवणारा तो.

त्याच आठवड्यात मैंदर्गीच्या शाळामास्तरांचे पत्र आले. सोलापुरास आले की ते आमचे मूकपट पाहात. त्यांनी लिहिले होते की, तेथील अडते गुरुबाळप्पा यांना लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलगी झाली असून बारशाला पेटी-तबला हवा आहे. काम पसंत पडले तर आसपासच्या घरांतूनही बोलावणी येतील. बारसे शुक्रवारी होते. मी विनायकाला सांगितले, सोमवारपर्यंत माणूस कोठेही जाऊ शकतो.

अक्कलकोट

आगगाडीची हकीकत सांगण्यासारखी नाही. एवढेच सांगतो की, पायपेटी हे वाद्य आहे, फर्निचर नव्हे, हे गार्डाला पटवीपर्यंत उलट दिशेची कुर्डुवाडीची गाडीसुद्धा येऊन निघून गेली. स्टेशनावरून टांग्याने अक्कलकोट गाठले, धर्मशाळेत उतरलो आणि सकाळी पेटी उघडून पाहतो तो पायाच्या फळीचा चामडी पट्टा तुटलेला. त्या पट्ट्यावाचून भाता हलत नाही.

महबूबभाईंनी ओट्यावर बसूनच निकाल दिला. "मास्टरजी, बिना पाँव की पेटी लेके कायकू जाते? चलो, वापस."

मी त्यांना विचारले की, सोमवारी माझ्याबरोबर फाटकावर बसायला येणार काय. त्यावर ते उठले आणि चांभार शोधायला गेले. चांभार मिळाला नाही. मिळाला तो खंडू. हा मैंदर्गीकडचा धनगर, चाळिशीचा, लोकर विकायला बाजारात आलेला. त्याने पेटीच्या पोटात डोके घालून बराच वेळ पाहिले, कमरेची लोकरीची दोरी सोडली, तिचा तीनपदरी पीळ घातला आणि पट्टा बांधला. मी पाय दिला. भाता पूर्वीपेक्षा बरा चालला. फक्त पेटीला मेंढरांचा वास येऊ लागला, तो अद्याप गेलेला नाही.

पैसे घेण्यास तो तयार होईना. त्याची गाडी रिकामीच परतत होती. "चला की मग. तुमी दोगं आन् ही तुमची म्हस, समदी बसत्याल," तो म्हणाला.

वाटेवर

अक्कलकोटच्या पुढे रान मोकळे होत जाते. ज्वारी निघून गेली होती, काळ्या जमिनीला भेगा पडू लागल्या होत्या आणि मधूनमधून करडईचे पिवळेतांबडे पट्टे होते. आमच्या सोलापुरात गिरणीच्या भोंग्यावर दिवस चालतो. तेथे दोन कोसांत आम्हाला भेटले ते एक मेंढरांचे खांड आणि बाभळीखाली भाकरी खात बसलेली दोन माणसे. त्यांनी खंडूशी कानडीत बोलणे सुरू केले, मराठीत संपवले आणि मधे कोठे भाषा बदलली हे त्यांचे त्यांनाही कळले नसावे. त्यांनी आम्हालाही बसवले. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा. सोलापुरातही आम्ही हेच खातो. परंतु आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी त्याचे काम विचारतात आणि मग भाकरी देतात. येथे काम कोणी विचारलेच नाही.

विचारले ते खंडूने, बरेच पुढे गेल्यावर. "मास्तर, हिला वाजवून पोट भरतंय व्हय?"

मी म्हटले, पस्तीस वर्षे भरले आहे.

"आमी बी ढोल वाजिवतो. पर बिरोबाम्होरं. पोटाला मेंढरं हायती."

"आणि मेंढरे नसती तर?"

त्याने बैलाच्या पाठीवरची माशी हाकलली. "तर ढोल घिऊन दारोदार मागाय लागलं आसतं. ते वंगाळ की."

मला राग आला. मी त्याला सांगितले की मागणे निराळे आणि मिळवणे निराळे. विणकर लुगडे विकतो त्याला कोणी भिकारी म्हणत नाही. खंडूने ते ऐकून घेतले आणि शांतपणे उत्तर दिले, "लुगडं न्हेसता येतं. तुमचं वाजिवलेलं लोकं कुटं ठिवत्यात?"

महबूबभाई हसले. मी उरलेली वाट दिवस मोजीत काढली. सोमवार तीन दिवसांवर, नाही, चार दिवसांवर आला होता. मी तो मनातल्या मनात एक दिवस अलीकडे ओढीत होतो.

मैंदर्गी

गुरुबाळप्पांच्या दारात "बर्री, कूड्री" असे स्वागत झाले. या, बसा, एवढाच त्याचा अर्थ, पण पायांवर पाणी आणि हातात गूळ आल्यावाचून ते शब्द पुरे होत नाहीत. शुक्रवारी दुपारी जेवणात गव्हाची हुग्गी होती. ही खिरीसारखी असते, पण खिरीपेक्षा घट्ट, आणि तीवर तुपाची धार थांबवण्यास पाहुण्याने दोन्ही हात आडवे धरावे लागतात. आमच्याकडे वाजवणाऱ्यांना शेवटच्या पंगतीस बसवतात, तेव्हा वाढणाऱ्यांचे हात आणि भांडी दोन्ही थकलेली असतात. येथे आम्हाला पहिल्या पंगतीत बसवले. वाजवण्याआधी खाल्लेले अन्न अंगी लागते, असे यजमानांची आई गंगव्वा आतून म्हणाली. ती दिसली नाही. नुसता आवाज ऐकू आला.

आता मुख्य प्रसंग. हा मी सावकाश सांगतो, कारण सोलापुरात जे सांगितले जाते त्यात घराची मांडणी कोणीच सांगत नाही.

पुढे लांबरुंद सोपा. तेथे पुरुष मंडळी बसली होती. सोप्यातून आत माजघर. तेथे पाळणा, बाळंतीण आणि गावातील बायका. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून माजघराच्या रुंद दारावर एक पांढरे स्वच्छ धोतर ताणून बांधले होते. माजघराचे मागचे दार पश्चिमेकडे उघडत होते आणि वेळ तिसऱ्या प्रहराची होती. ऊन त्या दारातून आत येत होते आणि पाळण्याची, बायकांची, त्यांच्या हातांची सावली त्या धोतरावर पडत होती. सोपा त्या मानाने अंधारा होता.

पेटी आत आणली. मी पाहिले ते हे: अंधारी जागा, मागे माणसे, पुढे पांढरा पडदा आणि त्यावर हलणारी चित्रे. मी पडद्यासमोर चार हातांवर पेटी मांडली आणि बसलो. महबूबभाई माझ्या उजव्या हाताला बसले, आठ वर्षे बसत होते तसेच. ते आता म्हणतात की चूक त्यांच्या लक्षात आली होती, पण अदबीने ते बोलले नाहीत. ते खोटे आहे. तबला लावून झाल्यावर त्यांनी धोतराकडे पाहूनच विचारले होते, "शुरू हुआ क्या?"

आत सुरू झाले होते. एक वाकलेली सावली पाळण्याजवळ आली, मी खालचा स्वर धरला. बाळ उचलले गेले, हात वर गेला. एक बाई बाळाला पाळण्याखालून दुसरीकडे देई, दुसरी वरून परत करी. खालून जाताना मी मंद्रात उतरे, वरून येताना चढे, आणि महबूबभाईंनी त्या देवघेवीला असा ठेका धरला की बायकांचे हातही त्या ठेक्यावर पडू लागले. बाळ रडले तेव्हा मी थांबलो नाही. त्याच्या सुराला सूर देऊन हळूहळू खाली आणले आणि ते गप्प झाले. आत हसू फुटले. थिएटरात आमच्या वाजवण्याने चित्र कधी बदलले नव्हते. येथे चित्र माझे ऐकत होते.

मागे कुजबुज वाढली होती ती मला ऐकू आली नव्हती. एकदम कोणी माझ्या खांद्याला हात लावला. ते यजमानांचे मेहुणे चन्नप्पा, सोलापुरास यांचे कापडाचे दुकान आहे.

"मास्तर, पावन्यांस्नी पाठ दावायला बोलिवलंय काय तुमाला?"

मी मागे वळलो. साठसत्तर माणसे माझ्या पाठीकडे पाहात बसली होती. सर्वांत पुढे गुरुबाळप्पा, खाली मान घालून. शाळामास्तर तर उठून खांबाआड गेले होते. मला खोटे सांगायचे नाही. त्या क्षणी माझ्या पायाखालची फळी मला सापडेना. डोळ्यांपुढे फाटकावरचा खाकी कोट दिसला. त्याची बटणेसुद्धा दिसली.

महबूबभाई हळूच म्हणाले, "मास्टरजी, ये टाकीज नै जी. घर है, घर."

मी उठून पेटी फिरवणार होतो. कोणी मला हुसकावले नाही, हे चहाच्या दुकानाने लिहून घ्यावे. मी हात घातला एवढ्यात धोतरापलीकडून गंगव्वाचा आवाज आला, "निल्लसब्याड्री." थांबवू नका, असा त्याचा अर्थ. मग सगळ्यांना कळावे म्हणून ती मराठीत बोलू लागली.

"माज्या लग्नापासनं ह्या घरात वाजाप ऐकतीया मी. समदं सोप्याकडं तोंड करून. आमी आपलं पाठीमागनं ऐकायचं. आज पैल्यांदा कुनी आमच्याकडं बघून वाजिवलं. आता घटकाभर तुमी पाठीमागनं ऐका की."

चन्नप्पांनी जोडे पायात घातले आणि ते निघून गेले. ते त्याच दिवशी सोलापुरास परतले. म्हणजे चहाच्या दुकानात जी हकीकत चालते ती ज्याने अर्धेच ऐकले त्याची आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पुढे काय झाले ते त्यांनी पाहिलेच नाही.

पुढे असे झाले की गुरुबाळप्पा उठले. मला वाटले, ते मला फिरायला सांगणार. त्यांनी आपला पाट उचलला, माझ्या पेटीशेजारी आणून ठेवला आणि धोतराकडे तोंड करून बसले. मग एकेक माणूस सरकू लागला. पाहता पाहता सगळा सोपा त्या सावल्या पाहात बसला. गंगव्वाने बाळाच्या कानात नाव सांगितले तेव्हा तिच्या वाकलेल्या सावलीवर मी एकच स्वर धरून ठेवला. मुलगी म्हातारीला उशिरा मिळालेली नात होती. तो स्वर सोडवेना. माझ्या डोळ्यांना पाणी आले, ते माजघरातील ओव्याच्या धुरीमुळे. महबूबभाईंचा आग्रह दुसरा आहे. धुरी त्यांच्याही डोळ्यांत गेली होती, हे मात्र ते कोणाला सांगत नाहीत.

शनिवार

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगव्वा समोर आली. ठेंगणी, तोंडात दात थोडे, नजर अडत्याची. तिच्यामागे पाच घरच्या बायका होत्या. त्यांचे आपसात आधीच ठरले होते. मला फक्त सांगण्यात आले. दर बाजाराच्या दिवशी मी मैंदर्गीस यायचे. कोणाकडे डोहाळजेवण, कोणाकडे बारसे, कोणाकडे मुलगी माहेरी आलेली. जेथे बायका जमतील तेथे पडदा बांधायचा आणि त्यांच्याकडे तोंड करून वाजवायचे. पुरुषांना ऐकायचे तर त्यांनी त्या बाजूला येऊन बसावे. मोबदला रोख, वर वर्षाची ज्वारी. शाळामास्तर खांबामागून बाहेर आले होते. त्यांनी आपल्या दोन मुलींची शिकवणी देऊ केली. नाटकातील पद नको, स्वर शिकवा, असे मुलींच्या आईने बजावले.

मी म्हटले, विचार करून सांगतो. गंगव्वाने माझ्याकडे नुसते पाहिले आणि महबूबभाईंना विचारले, "ह्यांना हो म्हनाया किती येळ लागतो?"

"पैंतीस बरस लगे, अम्मा. अब हौ बोलते देखो," महबूबभाई म्हणाले.

मी हो म्हणालो. त्या दुपारी मी ओसरीत झोपलो, तो गाई परतेपर्यंत.

परत निघताना खंडू अक्कलकोटपर्यंत पोचवायला आला. बारशाची गोष्ट त्याच्या वस्तीपर्यंत गेली होती. त्याच्या घरची बाई, तो म्हणाला, बारशाला धोतराच्या आत होती. सकाळी दळताना जात्यावर तिने माझ्याच पेटीची चाल धरली होती. मी त्याच्याकडे पाहिले. आता लोक वाजवलेले कोठे ठेवतात, हे मी त्याला विचारणार होतो. विचारले नाही. तो आधीच हसत होता.

सोमवार

विनायक कोट घेऊन सकाळीच आला. मी त्याला सारे सांगितले. त्याने पहिल्यांदा विचारले की मी उलटा का बसलो, आणि माझे उत्तर न ऐकता मनाशी ठरवून टाकले की काकांचे डोळे गेले. त्याच्या हकिकतीचा उगम हा. मात्र दारातून जाताना तो थांबला आणि पेटीवर हात ठेवून म्हणाला की ही विकायची नसेल तर प्रवासात हिला धूळ लागेल. एवढे बोलून कोट तेथेच ठेवून गेला. विसरला असे तो म्हणतो. माझी समजूत निराळी आहे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी अक्कलकोटास खंडूची गाडी उभी होती. पेटी चढवताना त्याने तिच्यावरचे खाकी कापड चाचपून पाहिले.

"कोट कुनाचा हो, मास्तर? तुमाला लई ढगळ हुईल."

"पेटीचा," मी म्हणालो.

"व्हय की. तिला नेमका बसतोय." त्याने कोटाच्या दोन्ही बाह्या पेटीच्या पोटाखालून घेतल्या, घट्ट गाठ मारली आणि बैल मैंदर्गीच्या वाटेला लावले.